रांगेत शिरण्यापूर्वी

आधी बसा. रांगेत उभं राहून हे जमायचं नाही, कारण रांग पुढे सरकते आणि आपल्यालाही ढकलत नेते. राइड पूर्ण दिसेल असा एखादा बाक नाहीतर कठडा शोधा, सावलीतला मिळाला तर उत्तम. बरोबरच्यांना सांगा, तुम्ही लागा रांगेला, माझं पंधरा मिनिटांत कळवेन. त्यांनी थोडी ओढाताण केली तर हसून मान हलवा. त्या ओढाताणीकडे आपण नंतर येणारच आहोत. पाण्याचे दोन घोट घ्या. सकाळपासून उन्हात फिरणं झालंय, आणि तहानलेला माणूस जे ठरवतो ते बरंचसं उन्हानेच ठरवलेलं असतं.

आता समोर पाहू. आपल्याकडे मोठा रोलर कोस्टर म्हटलं की खोपोलीजवळच्या इमॅजिकातला नायट्रो आठवतो, तेव्हा तोच समोर आहे असं धरू. त्याआधीच्या पिढीला खाडी ओलांडून गाठायचं गोराईचं एस्सेलवर्ल्ड आठवेल. 1989 साली सुरू झालेलं ते पार्क 2022 मध्ये बंद पडलं. नायट्रो 2013 चा. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या कंपनीने तो बनवला. उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत. वेग ताशी 100 किलोमीटरच्या घरात. वाटेत पाच वेळा डोकं खाली आणि पाय वर. शिवाय त्याच्या गाडीला तळ नाही. आपण बसलो, खांद्यांवरून हार्नेस खाली आला, की पायांखालची फळीच सरकते आणि पाय लोंबकळायला लागतात.

हे वाचताना पोटात काही हललं का? हललं असेल तर असू द्या. त्याला लगेच दाबू नका, त्याच्याशी वादही घालू नका. रामदासांनी मनाशी बोलताना त्याला सज्जन मानलं, दटावण्याआधी चुचकारलं. आपणही तसंच करू. तळवे जमिनीवर नीट टेकवा. चप्पल असेल तर काढूनच ठेवा. जमिनीचा टणकपणा जाणवू द्या. नायट्रो नेमकी हीच एक गोष्ट काढून घेतो, म्हणून ती आत्ता नीट ओळखून घ्या.

पहिली गाडी जाऊ द्या. या वेळी नुसतं बघायचं. साखळी गाडीला वर ओढतेय. टोकाला गेल्यावर ती क्षणभर रेंगाळल्यासारखी वाटते, मग पुढचा डबा दिसेनासा होतो आणि किंकाळी ऐकू येते. इथून पुढे गाडीला इंजिन नाही, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. साखळीने सोडलं की पुढचा सगळा प्रवास त्या उंचीच्या भांडवलावर चालतो. 40 मीटर खाली आलेल्या कुठल्याही वस्तूचा वेग, घर्षण सोडलं तर, ताशी सुमारे 100 किलोमीटरच भरतो, मग तिचं वजन काही का असेना. शाळेत पाठ केलेलं सूत्र इथे पोलादात उभं आहे. म्हणूनच पहिला चढ सर्वांत उंच असतो आणि नंतरचं सगळं हळूहळू बुटकं होत जातं. तुम्हाला ज्याची भीती वाटतेय त्यातला सर्वांत मोठा भाग सुरुवातीलाच येतो. हा दिलासा आहे की धमकी, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरी गाडी येईल तेव्हा डोळे मिटा आणि कान उघडे ठेवा. बहुतेक रोलर कोस्टरच्या चढावर खट-खट-खट असा आवाज येतो. तो ऐकून काळजात धस्स होतं, काहीतरी तुटायला आलंय असं वाटतं. प्रत्यक्षात गाडीखालचा खटका रुळालगतच्या दात्यांवरून उड्या मारत जातो, त्याचा तो आवाज असतो. मधेच साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून तो खटका बसवलेला आहे. सगळ्यात जास्त घाबरवणारा आवाज हा सुरक्षेचाच आवाज असतो. पुढच्या चढाच्या वेळी तो पुन्हा ऐका. या वेळी तो वेगळा वाटतो का, पाहा.

आणि एखादा उभा वळसा दिसत असेल तर त्याच्या आकाराकडे बघा. तो गोल नाही. वर निमुळता, खाली रुंद, पाण्याच्या थेंबासारखा आहे. त्यामागे गोष्ट आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 साली फ्लिप फ्लॅप नावाची एक राइड होती, तिचा वळसा अगदी गोल. सरळ रुळावरून एकदम वर्तुळात शिरताना बसणारा धक्का इतका जोराचा असे की माना धरत. वळसा सुखाने पार करता यायला बराच काळ जावा लागला. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कात रेव्होल्यूशन ही राइड उभी राहिली. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल यांनी तिच्यासाठी थेंबाच्या आकाराचा वळसा आखला. वळणाची तीव्रता हळूहळू वाढवत न्यायची, एकदम नाही, हे त्यातलं तत्त्व. रेल्वेच्या वळणांतही तेच पाळतात, म्हणून गाडी वळते तेव्हा कपातला चहा सांडत नाही. सांगायचं एवढंच की समोरचा हा अक्राळविक्राळ सांगाडा आपल्या मानेचा विचार करून वाकवलेला आहे. ज्यांनी तो आखला त्यांना माणसाची मान ठाऊक होती.

चाकांकडेही एकदा बघून घ्या, जवळून दिसली तर. एक जोडी रुळाच्या वर, एक बाजूला, एक खालून. या तिहेरी पकडीमुळे गाडी रूळ सोडून उडू शकत नाही. खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने 1919 साली घेतलं. त्यापूर्वीचे रोलर कोस्टर हळू असायचे, कारण वेग वाढला तर गाडी रुळावरून उचलली जाण्याचा धोका होता. 1884 साली कोनी आयलंडवरच लामार्कस थॉम्पसन यांनी सुरू केलेल्या पहिल्या लोकप्रिय राइडचा वेग ताशी दहाएक किलोमीटर होता. आजची सायकल तिला मागे टाकेल, तरी लोक पाच सेंट देऊन त्यासाठी रांगा लावत. भीतीची उंची पिढीगणिक वाढत गेली, पोटातला गोळा मात्र तेवढाच राहिला.

इथे जरा थांबा. आतापर्यंत मी जे सांगितलं ते वाचून भीती थोडी कमी झाली असेल, तर समजा की तिचा एक भाग यंत्राबद्दलचा होता, आणि तो माहितीने विरघळणारा होता. पण सगळी भीती तशी नसते. यंत्राबद्दलची सगळी भीती खुळी असते असंही नाही. तसं सांगणाऱ्यांचा मला राग येतो.

2019 च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ झोके घेणारी एक राइड तुटून पडली. माणसं मेली, कितीतरी जखमी झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत एका पार्कातल्या रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्स पार्कात 2015 साली स्मायलर या राइडवर घडलं ते तर अधिकच विचार करायला लावणारं आहे. रुळावर एक रिकामी गाडी अडकली होती, म्हणून संगणकाने मागची गाडी जागच्या जागी रोखून धरली होती. कर्मचाऱ्यांना वाटलं यंत्रणेचीच काही चूक आहे. त्यांनी ती रोख हाताने उठवली आणि भरलेली गाडी सोडून दिली. ती रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. सोळा जण जखमी झाले, दोन तरुणींचे पाय कापावे लागले. कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड झाला.

यंत्राला कळलं होतं, माणसांनी ते ऐकलं नाही. म्हणून मला वाटतं, राइडवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न पोलादापेक्षा माणसांबद्दलचा आहे. जे चालवतात, रोज सकाळी तपासतात, हार्नेस ओढून बघतात, ती माणसं कशी वागताहेत? बाकावर बसूनही हे बऱ्यापैकी दिसतं. प्रत्येकाचा हार्नेस हाताने ओढून तपासला जातोय की नुसती नजर फिरवली जातेय? सैल चपला, टोप्या, खिशातले फोन काढून ठेवायला सांगताहेत का? उंची मोजायच्या खुणेपाशी एखाद्या पोराला खरंच थांबवलं जातंय का, की बापाने डोळा मारला की सोडतात? विजा कडाडायला लागल्यावर राइड थांबते का? जिथे ही माणसं काटेकोर असतात तिथे भीतीला थोडं बाजूला ठेवायला हरकत नाही. जत्रेत आठवड्यासाठी नटबोल्ट आवळून उभा केलेला पाळणा आणि कायमस्वरूपी उभी असलेली राइड यांत फरक आहे, आणि तो फरक विचारात घेणं म्हणजे भित्रेपणा नव्हे. जे ढिलं वाटतं त्यात बसू नका. यात मनन करण्यासारखं काही नाही.

यंत्राचं झालं. आता शरीराकडे या.

एक हात पोटावर ठेवा, एक छातीवर. धडधड आहे? तळहात ओले, हातपाय गार? हे सगळं आपोआप होतं. शरीराने ओळखलंय की काहीतरी मोठं येतंय, आणि ते तयारीला लागलंय. पोटात गोळा येतो म्हणतात तो मात्र दोनदा येतो. पहिला आत्ता, भीतीचा. दुसरा गाडी खाली झेपावताना, आणि तो खरोखरचा असतो. एरवी आपली आतडी आपल्याच वजनाने खाली टेकून असतात, त्या क्षणी ती टेकणं सोडतात. कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव हेलकावे खातो. डोळे एक सांगतात, कान दुसरं. काहींना यात मजा वाटते आणि काहींना मळमळ, आणि त्यात शूर-भित्रा असा काही प्रकार नाही. गाडीत बसून पुस्तक वाचलं की ज्यांना उलटी येते त्यांनी स्वतःला हे आधीच सांगून ठेवावं. लहानपणी पाळण्यात चार फेऱ्या मारून वर भेळ खाणाऱ्यांनाही चाळिशीनंतर एका गिरकीत घेरी येते.

प्रवेशाजवळचा फलक वाचा. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, गरोदरपण. या फलकाशी वाद घालू नका. स्पाँडिलायटिस आहे, पण सध्या बरा आहे, असं स्वतःला समजावत रांगेत शिरणारे पुष्कळ असतात. तुमचं नाव त्या यादीत कुठल्याही ओळीत येत असेल तर प्रश्न संपला. उठा, एखाद्या छोट्या राइडकडे जा, किंवा आइस्क्रीम खा. पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

बाकीच्यांनी एक श्वास घ्या आणि तिसरी गाडी येईपर्यंत थांबा.

ती आली की या वेळी उतरणाऱ्यांचे चेहरे बघा. जाताना जे पांढरेफटक होते ते हसत बाहेर येताहेत. एखादी मुलगी रडतेय आणि रडता रडता हसतेय. एखादा तरुण भिंतीला हात टेकून उभा आहे, त्याचा चेहरा हिरवट. त्याच्याकडेही नीट बघा, कारण तोही तुमच्या शक्यतांपैकी एक आहे. पॉल रोझिन हे मानसशास्त्रज्ञ म्हणतात की जे शरीराला धोक्याचं वाटतं पण मनाला सुरक्षित असल्याचं ठाऊक असतं, त्यातून माणूस आनंद काढायला शिकतो. त्यांच्या अभ्यासात तिखट मिरची होती. आपल्याला ठेचा ठाऊक आहे. डोळ्यांत पाणी, नाकात पाणी, आणि हात पुन्हा ताटाकडे. पण ठेच्याचं कसं असतं, झेपेना झाला की ताट बाजूला सारता येतं. गाडीत तसं नाही.

आणि मला मुख्यतः याच्याबद्दलच बोलायचं आहे. हार्नेस लागला की तुमच्याकडे करण्यासारखं काहीही उरत नाही. स्टीअरिंग नाही, ब्रेक नाही, थांबा म्हणायची सोय नाही. बारा मजल्यांवरून खाली येताना तुम्ही शूर असा की भेकड, गाडी त्याच वेगाने, त्याच वाटेने, तेवढ्याच वेळात खाली येते. गाडीत बसलेल्याला धाडस लागत नाही, कारण तिथे ते वापरायला जागाच नाही. लोक टी-शर्ट घालून मिरवतात की आम्ही ती राइड केली, ते मला नेहमी थोडं गमतीचं वाटतं. राइड तुम्ही करत नाही, ती तुमच्यावर केली जाते. तुम्ही जे काही करता ते हार्नेस लागण्यापूर्वी करता. पूर्ण दिवसाच्या तिकिटात तुमच्या स्वतःच्या मालकीची म्हणता येईल अशी ही एवढीच वेळ आहे, जी तुम्ही आत्ता या बाकावर घालवताय. तेव्हा ती उधळू नका, आणि दुसऱ्याच्या हातात तर मुळीच देऊ नका.

दुसऱ्याच्या हातात म्हणजे कुणाच्या, ते बघू.

डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही इथे एकटे आहात. ओळखीचं कुणी नाही. फोनला कॅमेरा नाही. उतरल्यावर फोटो विकणारं काउंटर नाही. सोमवारी ऑफिसात कुणी विचारणार नाही, घरी कुणी सांगणार नाही. आता ती राइड तुमच्यासमोर आहे. तुम्ही बसाल?

उत्तर लगेच येऊ देऊ नका. पहिलं येतं ते उत्तर बहुधा तोंडपाठ असतं. थोडा वेळ तसंच राहा, म्हणजे खालचं वर येईल.

कुणी बघत नसेल तर मी बसणार नाही, असं आलं, तर तुम्हाला राइड नको आहे, तुम्हाला फक्त भित्री भागूबाई म्हणवून घ्यायचं नाहीये. आपल्याकडे ही चिडवाचिडवी प्रेमाने होते आणि त्यामुळे तिला नाही म्हणणं अवघड जातं. चल ना, काही होत नाही. एवढा मोठा झालास आणि घाबरतोस? मावशी बसली, तू नाही? ऑफिसच्या पिकनिकला तर हाताला धरून नेतात, मागून ढकलतात, आणि वर त्याचा व्हिडिओ काढतात. यात दुष्टपणा नसतो हे खरं, पण दोन मिनिटांच्या राइडनंतर त्यांचं हसणं संपतं, आणि दिवसभराची डोकेदुखी तुमच्या वाट्याला येते.

आता उलट बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. कुणी बघत नसेल तर मी नक्की बसेन, असं आलं तर? असं खूप जणांच्या, विशेषतः खूप जणींच्या मनात येतं. या वयात काय शोभतं का. केस विस्कटतील, ओढणी, साडी. सूनबाईसमोर किंचाळले तर कसं दिसेल. आपण आपल्या पिशव्या सांभाळत बसू, मुलांना जाऊ दे. प्रत्येक सहलीत एक माणूस पिशव्यांपाशी असतो. चष्मे, फोन, पाण्याच्या बाटल्या, कुणाच्या तरी ओल्या टॉवेलची गुंडाळी, सगळं त्याच्या मांडीवर. त्या जागेवर जे स्वतःहून बसतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण कित्येक जण तिथे बसवले गेलेले असतात, आणि बसवणारं कुणी एक माणूस नसतं, ते वर्षानुवर्षं ऐकलेलं एक वाक्य असतं. बसायची इच्छा असून न बसणं हाही दुसऱ्यांच्या तोंडाला घाबरण्याचाच प्रकार आहे. तुमच्या शरीराला चालत असेल, फलकात तुमचं नाव नसेल, तर पिशव्या आज दुसऱ्या कुणाच्या तरी मांडीवर जाऊ द्या. लॉकर असतात. ओढणी मात्र खरंच काढून ठेवा, ते लोकलाजेचं नाही, सुरक्षेचं आहे.

इथे आणखी एक दबाव येतो, तो हल्ली जास्त. संधी सोडू नका, नंतर पस्तावाल. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं की नजीकच्या काळात माणसाला केलेल्या गोष्टींचा पस्तावा होतो, पण दूरच्या काळात न केलेल्या गोष्टींचा. हे वाक्य नंतर सगळ्यांनी उचललं आणि कशालाही चिकटवलं. पण न शिकलेलं गाणं, न बोललेलं प्रेम, न भेटलेला आजारी बाप, हे एकीकडे आणि न घेतलेली रोलर कोस्टरची फेरी एकीकडे. मरणाच्या दारात कुणी नायट्रोत न बसल्याबद्दल हळहळेल असं मला वाटत नाही. राइड उद्याही असते. पुढच्या वर्षीही बहुधा असेल. तुमचं आयुष्य त्या साखळीला टांगलेलं नाही. हे कळलं की गंमत अशी होते की कित्येकांना उलट बसावंसंच वाटायला लागतं, कारण आता पणाला काही लावलेलं नसतं.

तर आता विचारा. हळूच, मनाला सज्जन समजून. तुला काय हवंय?

हो आलं, तर काही कामाच्या गोष्टी. स्वतःला शांत हो, शांत हो असं सांगत बसू नका. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लोकांसमोर गाण्यापूर्वी किंवा भाषणापूर्वी ज्यांनी मला उत्साह वाटतोय असं स्वतःला सांगितलं, ते मी शांत आहे म्हणणाऱ्यांपेक्षा बरे ठरले. धडधडत्या छातीला शांत म्हणणं खोटं पडतं, उत्सुक म्हणणं चालून जातं. रांगेत उभं असताना हेच करा. पोट अगदी रिकामंही नको आणि मिसळपावाने भरलेलंही नको. चष्म्याला दोरी नसेल तर तो काढून ठेवा. बसल्यावर डोकं मागे टेकवा, मान ताठ, आणि डोळे शक्यतो उघडे. मिटलेल्या डोळ्यांना पुढचं वळण कळत नाही, मान अचानक हिसडते, आणि मळमळही जास्त होते.

जागा निवडता आली तर मधल्या डब्यात बसा. अगदी पुढच्या डब्याला समोरचा खड्डा दिसतो आणि तो कड्यावर जरा ताटकळतो. सर्वांत मागचा डबा मात्र चढावरून फेकल्यासारखा ओढला जातो, कारण तोपर्यंत बाकीची गाडी खाली धावायला लागलेली असते. या मागच्या डब्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. मिशिगनचे डॉक्टर डेव्हिड वॉर्टिंजर यांनी मूत्रपिंडाची प्रतिकृती घेऊन फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एका रोलर कोस्टरवर फेऱ्या मारल्या. मुतखडा मागच्या डब्यात बसल्यावर जास्त वेळा सुटून बाहेर येतो, असं त्यांना आढळलं. 2018 साली त्यांना त्याबद्दल इग्नोबेल मिळालं, हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी देतात ते. तुम्हाला मुतखडा नसेल तर पहिल्याच वेळी मागे बसायचं काही कारण नाही.

किंचाळी आली तर किंचाळा. तिथे सगळेच किंचाळतात, तुमची ओळखू येणार नाही.

आणि नाही आलं, तर तेही तेवढ्याच स्वच्छपणे सांगा. पाठ दुखतेय, पोट बिघडलंय, असली निमित्तं काढू नका, कारण मग पुढच्या वेळी नवीन निमित्त शोधावं लागतं. मला नको आहे, तुम्ही जाऊन या, एवढं पुरे. एकदाच, हसून. लोक दोन वाक्यं टाकतील आणि विसरतील, कारण त्यांना स्वतःच्याच पोटातल्या गोळ्याशी झगडायचं असतं.

अजून नक्की नाही, असंही येऊ शकतं, आणि ते उत्तर सर्वांत प्रामाणिक असू शकतं. तेव्हा आधी लहान कोस्टरवर जा. तिथून उतरल्यावर शरीराला विचारा, मनाला नको, कारण मन त्या वेळी फुशारकी मारत असतं. थोड्या वेळाने पोट स्थिर असेल आणि पुन्हा तिकडे बघावंसं वाटत असेल, तर बघा. रांगेत शिरल्यावरही मत बदलता येतं. गाडीच्या दाराशी पोहोचलात आणि नकोसं झालं, तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. तो बाजूच्या वाटेने बाहेर सोडेल. त्याने असे कितीतरी जण पाहिलेले असतात.

एक शेवटचं, बरोबर मूल असेल त्यांच्यासाठी. वर जे काही पंधरा मिनिटं बसून करायला सांगितलं, तेवढा वेळ त्या मुलालाही द्या. त्याला बाकावर शेजारी बसवा, तीन गाड्या जाऊ द्या, खटक्याचा आवाज काय असतो ते सांगा, थेंबाच्या आकाराचा वळसा दाखवा. मग एकदाच विचारा. हो म्हणालं आणि उंचीच्या खुणेएवढं असेल, तर शेजारी बसून घेऊन जा. नाही म्हणालं, तर दुसऱ्यांदा विचारू नका, आणि घरी गेल्यावर पाहुण्यांसमोर त्याची गंमत तर मुळीच सांगू नका.